दोनशे चौदा माणसं

"ताई, तुम्ही फक्त आकडा सांगायचा. बाकी मी बघते."

हे माझी धाकटी जाऊ म्हणाली, भर बैठकीत. साहेब होते, अग्निशमन दलाचे दोघे होते, पंपवाला होता, माळी होता आणि ही. खुर्च्या सहा, माणसं सहा. सातवी मी, दारापाशी, तिकिटांची पुस्तकं छातीशी धरून. बाई, बसा, असं म्हणायला कुणाची जीभ वळली नाही.

आमचं वनउद्यान म्हणजे एक टेकडी. पायथ्याशी तळं, मध्ये झाडी आणि माथ्यावर कमरेएवढं गवत. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या डोंगरावर वणवा पेटला तेव्हा आमच्याकडे सहलीला आलेले लोक वाट फुटेल तिकडे पळाले होते. त्यानंतर वरून हुकूम आला, आराखडा करा. तो आराखडा करत होती ही. नकाशात लाल टाचण्या टोचत होती आणि साहेब मान डोलवत होते.

सोळा वर्षं मी तिकीटखिडकीत बसते. हिला इथं लावली ती मी. अर्ज मी भरला, मुलाखतीला ही आत गेली तेव्हा पाण्याची बाटली घेऊन बाहेर मी उभी होते. रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायचं काम मिळालं तिला. मग कुठलंसं पाच दिवसांचं प्रशिक्षण निघालं. कुणालाच जायचं नव्हतं, ही गेली आणि हिरवं जाकीट घालून परत आली. पाठीवर मोठ्या अक्षरात 'नियोजन'. तेव्हापासून घरी गॅसचा वास आला तरी सासूबाई म्हणतात, "धाकटीला विचारा." आमचे हे सुद्धा म्हणतात, "तिचं डोकं चालतं हो." मग माझं काय बंद पडलंय? पोटात दुखायचं माझ्या, उगाच कशाला लपवू?

तिची योजना तशी सोपी होती. तिकिटाचा अर्धा भाग माणसाकडे राहतो, बाहेर पडताना तो पेटीत टाकायचा. विकलेल्या तिकिटांतून पेटीतले तुकडे वजा केले की आत किती माणसं आहेत ते कळतं. भोंगा वाजला की सगळ्यांनी तळ्याकाठच्या मैदानात जमायचं. मैदानातली माणसं आणि माझा आकडा जुळला की टेकडी रिकामी.

"रंगीत तालीम रविवारी घेऊ," ती म्हणाली. "टेकडी आयती रिकामी होतेय, तर त्याच सकाळी वरची जाळरेषाही जाळून घेऊ." म्हणजे गवताचा एक पट्टा आधीच जाळून टाकायचा. पुढं खरा वणवा आला तर तिथं त्याला खायला काही उरत नाही.

तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मास्तर!

माझी खिडकी नऊला उघडते, पण फिरायला येणारे म्हातारे सहालाच हजर असतात. कित्येक वर्षं मी त्यांना पंपघराजवळचं लहान दार उघडून देते, बिनतिकिटाचं. आठपर्यंत सगळे घरी जातात, एक मास्तर सोडून. त्यांच्या घरी सुनेच्या शिकवण्या चालतात, म्हणून ते दुपारपर्यंत माथ्यावरच्या, गवताआड लपलेल्या बाकावर झोपतात. कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात. त्यांच्या कानाशी भोंगा नेऊन वाजवला तरी ते कूस बदलणार नाहीत. ते वर असतात हे फक्त मला ठाऊक.

"ताई, काही राहिलं का?" तिनं माझ्याकडे बघून विचारलं. हो, विचारलं होतं तिनं.

"मी काय सांगणार बाई? मी आकडा सांगेन," मी म्हटलं.

लहान दाराचं बिंग फुटेल ही भीती होतीच. पण खरं कारण ते नव्हतं. तालमीच्या दिवशी मोठे साहेब येणार होते. आकडा जुळला, टाळ्या पडल्या, की मी सगळ्यांसमोर हळूच विचारणार होते, "आणि मास्तर?" मग हिचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. ते वाक्य मी भांडी घासताना चार वेळा म्हणून बघितलं. गवत लगेच थोडंच पेटवणार होते? आधी भाषणं होतील, चहा होईल, असा माझा हिशेब.

रविवारी दहाला भोंगा वाजला. लोक पोरंबाळं, सतरंज्या, डबे घेऊन मैदानात आले. मी पेटी उघडली, तुकडे मोजले आणि आकडा सांगितला.

"दोनशे चौदा."

मैदानातून माळ्यानं हात वर केला. "दोनशे चौदा!"

टाळ्या पडल्या. मोठे साहेब "वा!" म्हणाले. मी तोंड उघडलं. तेवढ्यात ही माझा दंड धरून मला पुढं घेऊन आली.

"साहेब, सगळं यांच्या आकड्यावर आहे. माझ्या मोठ्या जाऊबाई. सोळा वर्षांत यांचं एक तिकीट चुकलेलं नाही."

मोठ्या साहेबांनी मला नमस्कार केला. मला! पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. मी मेली तिथं लाजून हसत उभी राहिले. आणि तेवढ्या वेळात हिनं वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला.

"टेकडी रिकामी. लावा."

माथ्यावरून धुराची बारीक रेघ निघाली.

"अगं, थांबव!" मी किंचाळले. "वर मास्तर आहेत! बाकावर झोपलेत!"

कोण मास्तर, कसे गेले, तिनं काही विचारलं नाही. "विझवा! वर माणूस आहे!" असं वॉकीटॉकीत ओरडत ती पायऱ्या चढत सुटली. मी मागं. माझी एक चप्पल कुठं गेली कळलं नाही. देवा, म्हाताऱ्याला काही होऊ देऊ नकोस.

मास्तर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपले होते. वीस पावलांवर गवत तडतडत होतं आणि दलाची माणसं ओल्या फांद्यांनी ते झोडपत होती. धूर थेट बाकावर येत होता. हिनं त्यांना गदागदा हलवलं, खोकतच उठवलं, बखोटीला धरून वाऱ्याच्या उलट्या अंगाला आणलं. मास्तरांनी खिसे चाचपून यंत्र कानात घातलं.

"काय गं, एवढ्या का ओरडताय दोघी?"

ही हसली नाही. त्यांच्या खांद्यावरची राख झटकत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"बैठकीपासून."

ती मास्तरांना घेऊन पायऱ्या उतरली. घरी बोलेल, सासूबाईंपुढं माझे वाभाडे काढेल म्हणून मी दोन रात्री टक्क जागी. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. अहवालात लिहिलं, 'बिनतिकीट येणाऱ्यांची चौकशी करायची माझ्याकडून राहिली,' आणि खाली सही ठोकली. तिला नियोजनातून काढलं. ती पुन्हा रोपवाटिकेत गेली.

आणि खरं सांगू? तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला. असं वागायला हिला कसं जमतं?

गुरुवारी साहेबांनी मला बोलावलं. "बसा, बाई. आत येणाऱ्या-जाणाऱ्यांची तुमच्याइतकी माहिती कुणालाच नाही. यापुढं आराखड्याचं तुम्ही बघा."

सहावी खुर्ची. तिच्या पाठीवर ते हिरवं जाकीट टांगलेलं. मी बसले. नकाशावर तिच्या टाचण्या तशाच होत्या आणि माथ्यावरच्या बाकापाशी एक नवी, पांढरी. जाता जाता टोचून गेली होती.

"साहेब, मला माहीत होतं मास्तर वर असतात," मी म्हटलं. "तिनं विचारलं, तरी मी सांगितलं नाही. तिची काहीच चूक नाही."

साहेबांचं पेन थांबलं. "का सांगितलं नाही?"

"जावेचा हेवा वाटला म्हणून."

साहेब अहवालाचा कागद उलटसुलट करून बघत राहिले. असलं कारण लिहायला त्यात रकाना नव्हता. शेवटी म्हणाले, "तुम्ही जा. खिडकीत मी दुसऱ्या कुणाला बसवतो."

मी जाकीट उचललं आणि रोपवाटिकेत गेले. ती जमिनीवर बसून माती चाळत होती. मी जाकिटाची घडी करून तिच्याजवळच्या बाकड्यावर ठेवली.

"साहेबांना सगळं सांगितलं मी," मी म्हटलं.

तिनं जाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात मातीनं भरलेले होते.

"पिशवी धरा," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बसले आणि रिकामी पिशवी उघडून धरली. तिनं तीन मुठी माती घातली, अंगठ्यानं दाबली, रोप लावलं, बाजूला ठेवलं.

"दुसरी."

ती सून होऊन आल्यापासून बारा वर्षं, त्या रविवारपर्यंत, माझ्याशी तिचं एक वाक्य 'ताई' म्हटल्याशिवाय सुरू झालं नव्हतं. मी ढिगातली दुसरी पिशवी घेतली, फुंकर मारून उघडली आणि तिच्यापुढं धरली.