तोंड लोकांकडे

आपल्याकडे मूल शांत असलं की घरच्यांना तो आजार वाटतो. उत्कर्षा तीन वर्षांची झाली तरी पाहुण्यांना टाटा करणं, गाणं म्हणून दाखवणं, नाक कुठंय विचारल्यावर नाकावर बोट ठेवणं, यातलं काहीच करेना. कोणी आलं की ती आईच्या ओढणीत शिरायची आणि ते माणूस जाईपर्यंत बाहेर यायची नाही. एकटी असली की बाहुलीशी भरपूर बोलायची. पण त्याचा काय उपयोग, ते ऐकायला पाहुणे नसायचे.

मनीष आणि नलिनी परभणीहून येऊन मारुंजीत सगुणाबाईंच्या इमारतीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते. मनीष हिंजवडीत एका कंपनीत होता. सगुणाबाईंनी भातखाचरं विकून चार मजले चढवले होते आणि संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून त्या भाडेकरूंची हजेरी घेत. उत्कर्षा समोरून जायला लागली की तिची हनुवटी धरून तोंड वर करत.

"मुकी हाय का गं पोरगी?" त्या नलिनीला विचारत, पोरीच्या देखतच.

नलिनी हसून म्हणायची, नाही हो, लाजते जरा. मग वर जाऊन दार लावायची आणि त्या हसण्याचं उट्टं पोरीवर काढायची.

त्यात मनीषच्या कंपनीचा फॅमिली डे झाला. त्याचा साहेब कौस्तुभ, त्याची मुलगी उत्कर्षाएवढीच. ती स्टेजवर कमरेवर हात ठेवून अशी नाचली की सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. उत्कर्षा त्या वेळी टेबलाखाली होती. कौस्तुभनं वाकून तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, मनीष, पोरांना स्टेज डेअरिंग पाहिजे रे, नाहीतर पुढं कठीण जातं. बस्स. साहेबाचं वाक्य मनीषनं घरी आणून भिंतीवर लावायचं तेवढं बाकी ठेवलं. पोरीला डान्स क्लास लावायचा ठरलं.

शोधाशोध नलिनीकडं आली. जवळच्या मोठ्या सोसायटीत क्लब हाऊसमध्ये क्लास होता. तिथल्या मॅडमनी गाणं लावलं, टाळ्या वाजवल्या आणि नवीन मुलीला मधोमध उभं केलं. उत्कर्षा तिथंच खाली बसली आणि डोळे मिटून घेतले. "पहले इसे थोड़ा सोशल बनाइए, फिर लाइए," मॅडम म्हणाल्या. फी ऐकल्यावर नलिनीला तेही बरंच वाटलं. वाकडला दुसरा होता, तिथं एसी होता आणि जायला रिक्षा. मनीषनं नको म्हणून मान हलवली.

शेवटी दयानंद सापडला. मूळचा भरे गावचा, दिवसा पिरंगुटच्या कारखान्यात, संध्याकाळी पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत पोरं नाचवायचा. फी परवडण्यासारखी होती. खोली लहान, दारात आयांची गर्दी, आणि पोरं नाचायचं सोडून आयांकडं नाहीतर एकमेकांकडं बघून खिदळायची. त्यावर दयानंदनं सोपा उपाय काढला होता. सगळ्यांची तोंडं भिंतीकडं. तो स्वतःही भिंतीकडं तोंड करून पुढं नाचायचा आणि पोरं मागून त्याचं बघून करायची. यात त्याची काही मोठी अक्कल नव्हती. त्याला गडबडीचा वैताग यायचा, इतकंच.

पहिले काही दिवस उत्कर्षा नुसती उभी राहिली. मग एकदा नलिनी भाजी घेऊन लवकर आली आणि आयांच्या खांद्यांवरून तिनं आत पाहिलं. शेवटच्या रांगेत तिची पोरगी नाचत होती. पाय आपटत, गिरकी घेत, मोठ्यानं हसत. घरातसुद्धा ती कधी इतक्या मोठ्यानं हसली नव्हती. आपलं लेकरू सुखात आहे हे तिला त्या दिवशी पहिल्यांदाच दिसलं, आणि ते तसंच राहू द्यावं असं तिला वाटलंही.

पण वाटणं निराळं आणि नवऱ्याला सांगितल्याशिवाय राहवणं निराळं. मनीष म्हणाला, मग गणपतीत स्टेजवर घाल. नलिनी म्हणाली, इतक्यात नको, अजून लहान आहे. तो म्हणाला, कुणी बघणारच नसेल तर शिकवायचं कशाला? खरं तर नलिनीलाही सगुणाबाईंना एकदा दाखवायचं होतं.

मंडळाचा कर्ताधर्ता सगुणाबाईंचाच मुलगा राजू, त्यामुळे नंबर लगेच लागला. दयानंदनं बाकीच्या पोरांना वर चढल्यावर तोंड लोकांकडं करायला बजावलं होतं. उत्कर्षालाही सांगितलं असेल. गाणं सुरू झालं, पाच पोरं समोर वळली आणि उत्कर्षा मागच्या पडद्याकडं तोंड करून नाचायला लागली.

सुंदर नाचली. एक ठेका चुकली नाही. पण लोकांना फक्त फ्रॉकचा बो आणि दोन शेंड्या दिसत होत्या. आधी पुढची रांग हसली, मग अख्खा मंडप. राजूनं माईक घेतला. "ए पोरी, पब्लिक हिकडं हाय," तो म्हणाला, आणि हसण्याला ऊत आला. सगुणाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. उत्कर्षाला कशाचाच पत्ता नव्हता. ती आपली गिरकी घेत होती, त्या हसण्यात स्वतःही हसत होती.

एवढ्यावर सोडलं असतं तरी चाललं असतं. गाणं संपलं असतं, पोरगी खाली आली असती. पण मनीषच्या आमंत्रणावरून कौस्तुभ सहकुटुंब आरतीला आला होता. मनीष उठला, स्टेजवर चढला आणि पोरीचे खांदे धरून तिला लोकांकडं वळवली.

तिनं ती सगळी तोंडं पाहिली. तिचं स्वतःचं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मग फ्रॉकखालून फळीवर पाणी सांडलं, ते राजूनं पाहिलं आणि माईकवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षाचा क्लास बंद झाला. आता मनीष स्वतः शिकवणार होता. रोज ऑफिसातून आल्यावर तो तिला स्टुलावर उभी करायचा, समोर खुर्ची टाकून बसायचा आणि गाणं लावायचा. तोंड फिरवलं की गॅलरीत कोंडायचं आणि आतून कडी. रडली की पुन्हा पहिल्यापासून. नाचली पण हसली नाही, तरी पुन्हा पहिल्यापासून. गॅलरीच्या दारावर थापा पडायला लागल्या की नलिनी मिक्सर लावायची. चटणी रोज लागत नव्हती, पण त्या महिन्यांत त्यांच्या घरी रोज चटणी होती.

हळूहळू थापा थांबल्या. बाहुलीशी बोलणंही थांबलं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पाहुणे आले की मनीष नुसतं नाव घ्यायचा आणि पोरगी मधोमध येऊन उभी राहायची. सगुणाबाई म्हणाल्या, "आता कशी माणसात आली." नलिनीनं त्यांना पेढा दिला.

डिसेंबरात पुन्हा फॅमिली डे आला. या वेळी उत्कर्षा घागरा घालून, गालांवर लाली लावून स्टेजवर गेली. तोंड सरळ लोकांकडं. प्रत्येक हात वेळेवर, प्रत्येक गिरकी वेळेवर, आणि पहिल्या ठेक्यापासून शेवटपर्यंत सगळे दात दिसतील असं हसू. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कौस्तुभनं मनीषच्या पाठीवर थाप मारली. त्याची बायको नलिनीला विचारायला लागली, कुठला क्लास लावलात हो, आमचीला पण बदलायचाच आहे. नलिनीला आभाळ ठेंगणं झालं होतं. घरीच घेतो आम्ही, असं सांगून ती पोरीला आणायला विंगेत गेली.

उत्कर्षा पडद्याशी उभी होती. घागरा पुढून ओला झाला होता, मोजडीत पाणी साठलं होतं. तोंडावरचं हसू मात्र तसंच होतं, जराही कमी झालं नव्हतं. नलिनी तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं पोरीचं तोंड इतक्या जवळून पाहिलं, आणि तिला भीती वाटली.

"आई," उत्कर्षा दात तसेच ठेवून हळूच म्हणाली, "आता हसायचं बंद करू?"

मागून कौस्तुभची बायको येत होती, मोबाइल पुढं धरून, फोटो काढायला. नलिनीनं आपली ओढणी काढून पोरीच्या कमरेभोवती नीट गुंडाळली, ओलं दिसेनासं केलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "लोक बघतायत."