रेषा पाचावरच

बायको जाऊन वर्ष होत आलं, तरी रोज सकाळ-संध्याकाळ तिचा आवाज घरात घुमायचा आणि त्याचं डोकं उठायचं. सासूबाई मोबाइल खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपांपुढे धरून तिचा जुना निरोप लावायच्या, "अहो, आधी बूट काढा. मग कुंड्यांना पाणी घाला. विसरलात तर बघा!"

"आई, पुरे करा. रोपांना कान नसतात."

"तरारतात हो तिच्या आवाजाने. तुम्हाला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

बियाण्यांच्या कंपनीत आकडे तपासण्यात त्याची हयात गेली होती. वैतागून त्याने परीक्षाच लावली. सहा कुंड्या आवाजात, सहा पलीकडच्या खोलीत, तशाच उजेडात. अट आधीच ठरली. आवाजाचा काही उपयोग नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडायची शक्यता शंभरात पाचाहून कमी निघाली, तर निरोप चालू. नाहीतर कायमचा बंद.

महिन्याने पट्टी लावली. आवाजातली रोपं उंच निघाली, पण हिशेब सातावर आला.

"उंच आहेत ना? झालं तर मग!"

"सात आले, आई. पाचाच्या आत हवे होते."

"मग पाचाचे दहा करा. रेषा तुम्हीच ओढलीत ना?"

"पेपर तपासून झाल्यावर पास व्हायचे गुण उतरवायचे? अशाने नसलेल्या गोष्टीही खऱ्या वाटायला लागतील."

"आणि पाचावर अडून बसलात नि खरंच असलेलं निसटलं, तर?"

याचं उत्तर त्याला येत होतं. ते त्यांच्या बाजूचं होतं, म्हणून तो गप्प बसला.

सासूबाईंनी मोबाइल त्याच्या हातात ठेवला. "घ्या. जिंकलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी घर गप्प होतं. संध्याकाळी तो बुटांसकट थेट खिडकीपर्यंत गेला. कोणी ओरडलं नाही. खाली बघितलं, माघारी गेला आणि बूट काढून आला.

"आई, फरक सिद्ध झाला नाही, एवढंच. फरक नाहीच, असंही सिद्ध झालेलं नाही. कुंड्या कमी पडल्या. पुन्हा करू. रेषा पाचावरच, कुंड्या चाळीस."

"चाळीस! आणि आपण झोपायचं कुठे, जिन्यात?"

"ते बघू नंतर. तुम्ही आधी मोबाइल धरा. माझ्याच्याने तो निरोप लावला जात नाही."