रकाना नऊ

रकाना नऊ : अर्जदारास यापूर्वी शिक्षा झाली आहे काय?

नाही.

निवडणूक संपली. पोलीस ठाण्यात जमा करून घेतलेल्या बंदुका आज परत मिळताहेत. रांगेत देवचंद अकरावा. तो जळगावातल्या एका पतपेढीचा रखवालदार. स्वतःची लायसनची बंदूक आहे म्हणूनच ही नोकरी. मॅनेजर काल म्हणाले, "सोमवारी बंदुकीसकट या. नुसत्या मिशा घेऊन नको."

पुढे असोद्याचा जीवराम. केळीत डुकरं शिरतात म्हणून त्याची बंदूक.

"आमची डुकरांसाठी. तुमची काय भाऊ, गिऱ्हाइकांसाठी?"

देवचंद हसला. घशातच हसला.

नाही, असं त्याने महिन्यापूर्वी लिहिलं. नूतनीकरणाच्या अर्जात.

शिंदखेडा, दोन वर्षांपूर्वी. बांधावरून चुलतभावाशी, भटूशी, भांडण. काठी एकदाच. भटूच्या डोक्याला तीन टाके. पुढे कोर्टाच्या पायरीवर भटूच म्हणाला, "भाऊ, कबूल करी टाक. दंड भर, मोकळा व्हय. तारखासना मांगे फिरशी ते तुन्ही नोकरी जाई."

कबूल, देवचंद कोर्टात म्हणाला. दंड भरला. पाऊण तासात सुटला. दोघं एकाच बसने घरी गेले.

दंड म्हणजे शिक्षा थोडीच? पण अर्ज भरताना पेन थांबलं होतं.

थांबलं होतं, म्हणजे कळत होतं.

आठवा. नववा. जीवरामची बंदूक आली. नळीत फुंकर मारून तो बाजूला झाला.

हवालदार अभिमन देवचंदचे कागद चाळत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "शिंदखेड्याचे का तुम्ही?"

अर्जावर पत्ता जळगावातल्या मेहरूणचा होता.

देवचंदने टेबलाची कड धरली.

"राहायला मेहरूणला, साहेब."

"मूळ गावाकडून अहवाल आलाय. लायसन रद्द. बंदूक इथेच राहील."

"साहेब, सोमवारी ड्यूटी..."

"ड्यूटीचं सोडा हो. खोटी माहिती दिलीत, त्याचा गुन्हा वेगळा. आत चला. साहेब विचारतील, कबूल आहे का?"

कबूल. शिंदखेड्याला हाच शब्द होता. पाऊण तासात सुटला होता.

फाटकातून जीवरामने हाक मारली, "चला भाऊ, चहा घेऊ!"

देवचंदने उजवा खांदा चाचपला. बंदुकीच्या पट्ट्याने पडलेला घट्टा तिथे होता.

आतून आवाज आला, "कोण आहे? पाठवा."

रकाना नऊ :