सगळ्यांच्या मागून

वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राची गाडी सकाळी दाराशी येते. आई बूट घालेपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढंच सांगायचं.

सांगितलं: मुळा बारीक चिरून द्या.
राहून गेलं: उन्हात बसली की ती गुणगुणते. तेव्हा हाक मारू नका.

केंद्रातल्या नागुमोबाईंनी आईला गाडीत बसवलं, पट्टा लावला. "मिझुहोताई, आजींनी कालही आंघोळ केली नाही. वयाचा मान म्हणून आम्ही त्यांना सगळ्यांच्या आधी नेतो. कोरं, कढत पाणी! तर मलाच म्हणतात, लाज नाही वाटत?"

"तुम्हाला?"

"मला! घरी तरी करतात का?"

घरचा टब खोल आहे. मागे आम्ही दोघी घसरलो, तेव्हापासून माझी पाठ गेली. केंद्रात जमलं नाही तर आईला कायमचं वृद्धाश्रमात ठेवावं लागेल.

सगळ्यांच्या आधी.

आमच्याकडे बाहेर अंग धुऊन टबातल्या एकाच पाण्यात सगळं घर उतरायचं. आधी बाबा, मग आम्ही पोरं, शेवटी आई. बाबा न्हाणीघरातून आईला ओरडून सांगायचे, "फुकुए, पाणी छान आहे!" तोत्तोरीच्या थंडीत तेवढंच काय ते त्यांचं प्रेम. ते जाऊनही आता वर्षं झाली; आई ते विसरते.

सांगितलं: "तिला शेवटी न्या. सगळ्यांच्या मागून. आणि..."

"आणि काय? लवकर सांगा, पुढच्या आजी मला खातील."

"म्हणा, यजमानांचं झालंय. पाणी छान आहे म्हणतायत."

नागुमोबाई हसायच्या थांबल्या. "खोटं बोलू?"

"बोला."

संध्याकाळी आई गाडीतून उतरली ती लाल गालांनी, ओलसर केसांनी.

"लगेच उतरल्या हो टबात!" नागुमोबाई म्हणाल्या. "वर मलाच दटावलं, झाकण लाव, पाणी निवेल."

आई थेट आमच्या न्हाणीघराशी गेली. दार सरकवून आत बघितलं.

"कुठे गेले?"

"कोण, आई?"

"तुझे बाबा. पाणी ऊन ठेवून गेले माझ्यासाठी. थांबले मात्र नाहीत."

मी दार ओढून घेतलं. तिने पुन्हा सरकवलं.

उद्या सांगायचं: ते वाक्य जरा ओरडून म्हणा. 'छान' लांबवायचं.
हेही सांगायचं: एकदा इथेच, दारात, मला म्हणून दाखवा.