तेलकुंकवात चिकटलेला धागा

मी बोलतोय, वीतभर लाल लोकरीचा धागा. भांडुपच्या विमलाबाईंनी विणायला घेतलेल्या स्वेटरमधला. मुंबईत स्वेटर घालतंय कोण, म्हणून तो अर्धवटच पडला होता. त्यांच्या लेकीनं, अक्षतानं, त्यातून मला कापलं आणि पवई तलावात, तिच्या शर्यतीच्या बोटीवर, डोलकाठीच्या तारेला बांधलं.

काम काय, तर वारा सांगायचा. वारा फिरला की मी फिरायचं, आणि माझ्याकडे बघून अक्षतानं शीड वळवायचं. पण इथला वारा महालबाड! डोंगराकडून येतोय म्हणावं, तर दोन टॉवरांच्या फटीतून घुसतो.

गेल्या शर्यतीत मी जिवाच्या आकांतानं फडफडत होतो, पण अक्षता पुढच्या बोटीकडे बघत बसली. पाठीमागच्या वाऱ्यानं बाजू बदलली, शिडाखालची आडवी काठी फाडकन फिरली आणि बोट कलंडली. तिची जोडीदार शुभा ओल्या शिडाखाली अडकली. बाहेर काढली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तेव्हापासून अक्षता माझ्यावरून नजर हलवत नाही.

विमलाबाईंनी तर धसकाच घेतला. दसऱ्याला शर्यतीआधी बोटीची पूजा करायला त्या स्वतः आल्या. पाण्यानं पुसू नये म्हणून कुंकू तेलात कालवलेलं. "माझ्या चेडवाक सांभाळ रे म्हाराजा," म्हणत लेकीसाठी बोटीवर जागोजागी टिळे लावले. शेवटचा टिळा तारेवर, नेमका माझ्यावर. लाल लोकरीवर लाल कुंकू, दिसणार कुणाला?

जाताना मी कसाबसा फडफडलो. बोटीनं तलावातल्या खुणेच्या पिंपाला वळसा घातला, वारा पाठीमागे आला, आणि मी तेलानं तारेला चिकटलो तो चिकटलोच. टोक तेवढं पुढे, जणू वारा अजून सरळ पाठीमागूनच येतोय.

"अक्षता, मागे पाणी काळं पडतंय गं." शुभानं मागे वळून पाहिलं.

"धागा हललाय का? नाही ना? मग गप बस यार!"

अगं बये, मला हलताच येत नाही! मी खोटं सांगत होतो आणि ती माझ्यावर विश्वास ठेवत होती. काळ्या पाण्याचा पट्टा, म्हणजे फिरलेल्या वाऱ्याचा झोत, जवळ येत होता. शुभा गेल्या वेळच्याच जागी बसली होती. भीतीनं माझा पीळ सुटायची वेळ आली.

"मघाशी वारा डाव्या कानात होता, आता उजव्या कानात शिरतोय," शुभा ओरडली. "धागा गेला खड्ड्यात!"

अक्षतानं शुभाच्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. केस एकीकडे, मी भलतीकडेच.

"डोकं खाली!" ती किंचाळली आणि दोरी खेचून, वाऱ्यानं फिरवायच्या आत, काठी स्वतःच फिरवली. लगेच झोत आदळला. बोट थरथरली, पण उभी राहिली.

काठावर आल्यावर अक्षतानं मला नखानं खरवडलं. नख लाल, तेलकट. ती काय ते समजली. तेवढ्यात विमलाबाई धावत आल्या आणि दोघींना छातीशी धरून रडू लागल्या.

"बघ, कुंकवानं राखलं! पुढल्या वेळी अजून दाट लावते."

अक्षतानं मला मुठीत लपवलं. "हो आई," एवढंच म्हणाली.

आता मी तिच्या पाकिटात पडून आहे. तारेवर नवा पिवळा धागा आहे. उद्या शर्यत आहे, आणि विमलाबाईंनी तेलाची वाटी आत्ताच देव्हाऱ्यापाशी काढून ठेवलीय. अक्षतानं अजून आईला तेलाचं सांगितलेलं नाही.

पोरी, सांग गं तिला. शुभा पुन्हा त्याच जागी बसणार आहे.