उजेड कमी नव्हता

मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना टेबललॅम्प आहे. पत्र्याच्या कारखान्यात घडलो, डोक्यावर हिरवी टोपी चढली आणि थेट इथे आलो. मान आता ढिली झाल्यामुळे तारेने बांधली आहे.

माझे काम एकच. पडदे ओढलेल्या खोलीत, पाण्यातल्या हायड्रिला वनस्पतीवर उजेड पाडायचा. त्या उजेडात ती पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवते आणि ऑक्सिजनचे बुडबुडे सोडते. मला जवळ आणले की बुडबुडे भराभर सुटतात, लांब नेले की रमतगमत. माझी धग लागू नये म्हणून मधे पाण्याची काचपेटी असते. टेबलावर खडूच्या खुणा आहेत. जवळच्या खुणेवर बुडबुड्यांची रांग लागली की वर्ग ओरडायचा आणि मित्रांनो, मी मनातल्या मनात फुगायचो.

यंदा विज्ञानाच्या बाईंना आणखी गंमत दाखवायची होती. त्यांनी मला सगळ्यांत जवळच्या खुणेच्याही पुढे, वनस्पतीकडे सरकवले. बुडबुडे काही वाढले नाहीत.

"गेला हा कामातून," बाई म्हणाल्या. "उद्या भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकू."

इतकी वर्षे जळलो, त्याचे हेच फळ? मला दाराशी, मोडक्या स्टुलावर ठेवले गेले.

तेवढ्यात एक मुलगी उठली. तिला सगळे 'शंकेखोर' म्हणतात.

"बाई, उजेड तर लख्ख पडत होता. वनस्पतीलाच दुसरं काही कमी पडत असेल तर?"

"झालं हिचं सुरू!" मागून कुणीतरी म्हणाले.

बाई मात्र थबकल्या. "दुसरं काय?"

"कार्बन डायऑक्साइड. एवढ्याशा पाण्यात तो असून असून किती असणार?"

मला पुन्हा टेबलावर, अगदी त्याच जागी आणले. बाईंनी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला. त्यातून वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड मिळतो. सगळे वाकून बघू लागले. मी नेहमीइतकाच जळत होतो. जास्त जळणे माझ्या हातात नसते. थोड्या वेळाने बुडबुडे असे सुटले, की मोजणाऱ्यांची तारांबळ उडाली.

"मी उगाच याच्यावर खापर फोडलं," म्हणत बाईंनी माझ्या मानेची तार घट्ट केली. "मलाच सुचायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला आणि नुसते स्टूल घेऊन गेला.

मित्रांनो, कुणाचे काम अडले तर त्याला दाराशी नेऊन ठेवण्याआधी एकदा पाण्यात डोकावून बघा. आणि जमल्यास माझ्यावरची धूळही पुसा. तिच्यामुळे मात्र उजेड खरोखरच कमी होतो.