एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’

मित्रांनो, कढई म्हणाल तर मी बिडाची आहे आणि जुनी म्हणाल तर पुष्कळच जुनी आहे. वयाचा नेमका आकडा सांगता येत नाही, कारण माझी नोंद कोणत्याही कचेरीत नाही. ज्यांची असते त्यांचे काय होते, ते पुढे येईलच.

माझा जन्म दक्षिणेला, वाळवंटापलीकडच्या एका ओतशाळेत झाला. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतले, निवू दिले आणि मग कुणीतरी मला टिचकी मारून पाहिली. आवाज बरा आला असावा, कारण लगेच मला उंटावर बांधले. चाळीस दिवस मी त्याच्या डाव्या कुशीला लोंबकळत होते. उजव्या कुशीला माझी जुळी बहीण होती. तिला वाटेत गिऱ्हाईक मिळाले आणि उंट एका अंगाला कलून चालू लागला. तेव्हा व्यापाऱ्याने पुढचा जो तंबू दिसला तिथे मला एका मेंढीच्या बदल्यात देऊन टाकले. पुष्कळांची घरे याहून अधिक विचार करून ठरत नाहीत.

नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तो तंबू योंदोन आणि पगमा या जोडप्याचा होता. तिथे मी सकाळी मिठाचा चहा केला, दुपारी दूध आटवले, संध्याकाळी मटण शिजवले. पगमा चहा पळीने उंच उचलून परत माझ्यात सोडायची. पहिली पळी बाहेर जाऊन आभाळाला शिंपडायची, दुसरी नवऱ्याला द्यायची. आल्यागेल्याने चहाची तारीफ केली की ती म्हणे, “कढई चांगली आहे.” असे म्हणणाऱ्या बाया आता राहिल्या नाहीत.

त्यांना तीन मुले झाली आणि तिन्ही गेली. पहिल्याचे नाव त्यांनी ‘सोने’ ठेवले होते, दुसऱ्याचे ‘वज्र’. तिसऱ्या मुलीचे ‘दीर्घायुषी’ ठेवले. ती अकरा दिवस जगली.

शेजारच्या तंबूत खोर्लू आजी राहायची. तिच्या तोंडात दात दोन आणि मते बरीच. चौथ्या वेळी पगमाचे दिवस भरत आले तेव्हा ती येऊन चुलीपाशी बसली आणि म्हणाली, “एवढी झोकदार नावं ठेवता आणि टेकडीवरनं मोठ्यानं हाका मारता. मग नेणाऱ्याला पत्ता कशाला विचारावा लागतोय?”



मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी खोर्लू आजीने मला चुलीवरून उतरवले, निवू दिले आणि जमिनीवर तीन दगड मांडून त्यांवर पालथे घातले. आमच्याकडे कढई पालथी पडणे म्हणजे घराची चूल विझणे. त्यामुळे मी जरा दचकले. मग कोकराच्या कातड्यात गुंडाळलेले ते पोर तिने माझ्याखाली सरकवले. माझ्या पोटाच्या अंधारात आजवर मटण होते, दूध होते. श्वास घेणारे काही प्रथमच आले होते.

खोर्लू आजी बाहेर गेली आणि परकी असल्यासारखी पुन्हा आत आली.

“या घरात मूल झालंय म्हणे,” ती म्हणाली.

“असेल,” योंदोन म्हणाला. त्याला हे पढवून ठेवले होते.

“मग कढईखाली आहे तो कोण?”

“हा नव्हे.”

आमच्या भाषेत ‘हा नव्हे’ला एनेबिश म्हणतात. तेच पोराचे नाव ठरले. आजीने ते त्याच्या उजव्या कानात तीनदा सांगितले. मग माझ्या बुडावर बोट फिरवले आणि काजळी त्याच्या नाकावर लावली. तुमच्याकडे तीट गालावर लावतात, आमच्याकडे नाकावर लावतात. म्हणजे वाईट डोळ्याने पाहणाऱ्याला वाटावे की हे मूल नव्हे, ससा आहे. योंदोनला जुनी उभी अक्षरे येत होती. त्याने काडीने चुलीतल्या राखेत ते नाव वरून खाली लिहून पाहिले. दार उघडताच वाऱ्याने ते पुसले. खोर्लू आजी म्हणाली की तेही बरेच झाले.

तुम्ही विचाराल, अशी नावे आणखी आहेत का? आहेत. ‘तो नव्हे’ आहे, ‘नाव नाही’ आहे, ‘माणूस नव्हे’सुद्धा आहे. त्यांचा अर्थ वाईट वाटतो, पण पोरावर इतका जीव असल्याशिवाय कुणी त्याला माणूस नव्हे म्हणत नाही.

एनेबिश जगला. त्याच हिवाळ्यात सरकारी लसवाले प्रथमच आमच्या खोऱ्यात आले होते, हेही मला सांगितले पाहिजे. खोर्लू आजी त्यांच्या आधी महिनाभर आली होती, हेही.

तो शाळेत गेला. तोवर नवी अक्षरे आली होती आणि त्याचे नाव डावीकडून उजवीकडे लिहू लागले होते. नाव आडवे झाले तरी अर्थ सरळच राहिला. वर्गात दौत सांडली आणि कुणी सांडली म्हणून गुरुजींनी विचारले की सगळी पोरे एका सुरात म्हणत, “हा नव्हे.” गुरुजींना कधी कळले नाही की पोरे त्याला सोडवत आहेत की अडकवत आहेत. ते दोन्ही गृहीत धरून छडी मारत.

पुढे तो पशुपालन संघात जनावरांना लस टोचणारा झाला. हात हलका होता. घोडीलासुद्धा सुई कळायची नाही. तो टेकडीवर दिसला की मेंढपाळ एकमेकांना ओरडून सांगत, “हा-नव्हे आला रे.” यात त्याने कधी वाईट वाटून घेतले नाही. वाईट वाटले ते पदकाच्या दिवशी. त्याने मला सांगितले नाही, पण पदक घेऊन घरी आला तेव्हा तो चुलीपुढेच बसला होता आणि आईला सांगत होता. सभागृह भरले होते. अध्यक्षांनी घसा खाकरून वाचले की या वर्षीचा सर्वोत्कृष्ट कार्यकर्ता, एनेबिश. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, “मग कोण?” आणि सगळे सभागृह हसले. अध्यक्षही हसले. ओळीने बसलेल्या मान्यवरांपुढून त्याला चालत जावे लागले.

“मला हे नाव नको, आई,” तो म्हणाला.

पगमाने चहा ओतला. “नको तर नको. पण मी गेल्यावर बदल. माझ्या डोळ्यांदेखत नको.”

“मी पस्तिशीला आलो. आता मला कोण नेणार?”

“त्याला तुझं वय ठाऊक नाही. त्याला तूच ठाऊक नाहीस. म्हणून तर बसलायस इथं, चहा पीत.”

पदक पेटीत गेले. त्यानंतर तो पुष्कळदा कागदाच्या चिटोऱ्यावर एक सही करून बघायचा आणि चिटोरे चुलीत टाकायचा. सही ‘मोंखबायर’ अशी असे. मोंखबायर म्हणजे शाश्वत आनंद. अक्षर छान होते.

माझे दिवस मात्र तेव्हा फिरले. एनेबिशची बायको बुदखंड हिने ॲल्युमिनियमचे पातेले आणले. हलके, चकचकीत, टिचकी मारली तर कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज. “त्या कढईनं माझी कंबर जाते,” ती म्हणाली, आणि तिचे खोटे नव्हते. मला तंबूबाहेर ठेवले. काही वर्षे कुत्रे माझ्यात जेवले. ते गेले तेव्हा दुसरे आले. हिवाळ्यात माझ्यात बर्फ साचे, उन्हाळ्यात गंज. तक्रार नाही. कुत्र्यांनी कधी चहाला नावे ठेवली नाहीत.

पगमा सत्त्याऐंशी वर्षांची होऊन गेली. शेवटच्या आठवड्यात तिने एनेबिशला हाताने जवळ बोलावले, त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “आता तुझी मर्जी.” तो त्रेसष्ट वर्षांचा होता. सुतकाचा शेवटचा, एकोणपन्नासावा दिवस होताच तो अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेला. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिले की माझे नाव जन्मदाखल्यावर एक अक्षर जास्त, पदकाच्या प्रमाणपत्रावर एक अक्षर कमी आणि पासपोर्टवर परक्या लिपीत आहे, ते मला वाचता येत नाही, तरी गैरसोय टाळावी. हे सगळे खरे होते. मागच्या बाकाबद्दल त्याने काही लिहिले नाही. वसंतात मंजुरीचे पत्र आले. तीस दिवसांच्या आत जुने ओळखपत्र घेऊन समक्ष यावे. ते पत्र त्याने अंगरख्याच्या छातीवरच्या घडीत ठेवले आणि रोज दोनदा काढून वाचले.

त्याच महिन्यात त्याची मुलगी ओदवल बाळंत झाली. ओदवल शहरात औषधांच्या दुकानात काम करते. तिची आधीची दोन मुले महिन्याच्या आत गेली होती. ही तिसरी, मुलगी. वजन पिशवीभर बटाट्यांइतकेही नव्हते. सतरा दिवस ती इस्पितळात काचेच्या पेटीत होती. अठराव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता घरी न्या, आमच्याने होते ते झाले. ओदवल आणि तिचा नवरा तुमेन तिला घेऊन गाडीने सरळ आमच्याकडे आले.

तुमेन स्वभावाने चांगला मुलगा. चार दिवस आधी तो बाळासाठी जागा नीट करायला येऊन गेला होता. तेव्हा सासऱ्यांना आनंद व्हावा म्हणून त्याने कुत्र्यांपुढून मला उचलले आणि तारेच्या ब्रशने आणि वाळूने आतून-बाहेरून घासले. संध्याकाळपर्यंत मी आरशासारखी झाले. साठ वर्षांची काजळी त्याने ओढ्यात सोडली. बुदखंड म्हणाली, “किती छान. फुलं लावता येतील हिच्यात.” मीही खूश होते. लाज वाटते सांगायला.

आता ओदवल बाळाला घेऊन तंबूच्या दाराशी थांबली. आत यायच्या आधीच तिने विचारले, “कढई कुठंय?” तुमेनने अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवले. तिने मला पाहिले आणि मटकन उंबऱ्याबाहेरच बसली.

“काजळी पाहिजे तर धुराड्यात पोतंभर आहे,” तुमेन म्हणाला.

“बाबांना धुराड्याची नव्हती लावली.”

एनेबिश म्हणाला की वेडे, मी जगलो तो लसीमुळे, आयुष्यभर मी तेच काम केले, आणि तू तर औषधे विकतेस. ओदवल म्हणाली, “औषधं दिलीच आहेत. आता हेही करा. दोन्ही झालं म्हणजे माझं काही करायचं राहिलं, असं नको व्हायला.” मग जरा थांबून म्हणाली, “नाव तुम्हीच सांगा तिच्या कानात. आधी सांगा, आणि मग जा त्या कचेरीत.”

“नंतर गेलो तर काय बिघडतं, आधी गेलो तर काय बिघडतं?”

“आधी गेलात तर सांगणार कोण? मोंखबायर? त्याला कोण ओळखतं?”

मोंखबायरला घरात कुणीच ओळखत नव्हते. हे एनेबिशलाही त्याच वेळी ध्यानात आले असावे.

त्याने बाहेर तीन दगड मांडले आणि मला त्यांवर ठेवले, या वेळी उताणी. पालथी घालायला तुमेनने साफ नकार दिला. माझे वजन पाहता त्याचे बरोबरच होते. सकाळी भुरभुर पाऊस होऊन गेला होता आणि शेणी ओल्या होत्या. त्या धुमसत होत्या, पेटत नव्हत्या. एनेबिशने खिसे चाचपले. मग अंगरख्याच्या घडीत हात घातला. त्याच्याजवळ कोरडा कागद एकच होता.

त्याने तो उलगडला, पुन्हा घडी केली आणि शेणींखाली सरकवला. मी कारण विचारले नाही. सरकारी कागद जाड असतो आणि त्यावरच्या शिक्क्याची शाई बरीच धुरकट जळते. माझ्या बुडाला काळा डाग पडला, फार मोठा नव्हे, पण एका नाकाला पुरेल एवढा.

एनेबिशने बोट फिरवून तो घेतला आणि बाळाच्या नाकावर लावला. बाळ शिंकले. मग वाकून त्याने तिच्या डाव्या कानात तीनदा सांगितले, “तेरबिश. तेरबिश. तेरबिश.” तेरबिश म्हणजे ‘ती नव्हे’. बुदखंडने तोंडावर हात धरला होता. कुणी हसले नाही.

नातीची नोंद करायला एनेबिश स्वतः कचेरीत गेला, पत्रातल्या मुदतीच्या तिसाव्याच दिवशी. खिडकीतल्या बाईने त्याला ओळखले आणि तुमचे पत्र कुठे म्हणून विचारले. ते जळले, म्हणाला. मग त्याने नातीचे नाव सांगितले. बाईने लेखणी खाली ठेवली. अशी नावे आता कुणी ठेवत नाही, आजोबा, लोक हसतील पोरीला. एनेबिश घरी येऊन बुदखंडला सांगत होता, तेव्हा मी चुलीवर होते.

“मग काय म्हणालात तुम्ही?”

“म्हटलं, हसू देत की. ती असेल ना तिथं, ऐकायला.”

तेरबिश आता चार वर्षांची आहे. उन्हाळ्यात येते, माझ्यात बसते आणि पळीने मला बडवते. आवाज अजून बरा येतो. ती जगली ते काचेच्या पेटीमुळे, डॉक्टरीणबाईंमुळे आणि आजोबांनी तारखा पाठ करून टोचून घ्यायला लावलेल्या लसींमुळे. मी वाद घालत नाही. कढईने श्रेय घ्यायचे नसते. तुमेन मात्र दरवर्षी तारेचा ब्रश घेऊन येतो आणि एनेबिश दरवर्षी तो त्याच्या हातून काढून घेतो.

तेव्हा मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. भांडी जरूर घासा. आतून तर लख्ख घासा, त्यात तुम्हाला जेवायचे असते. पण जुन्या कढईच्या बुडाशी बोटभर काळे राहू द्या. तो मळ दिसतो खरा. तो मळ नव्हे.